जमिनीपासून वीतभर

शांततेलाही श्यानता असते, हे तेलसाहेबांना त्या रविवारी सकाळी पहिल्यांदा कळले. श्यानता म्हणजे द्रवाची वाहण्याबद्दलची नाखुशी. पाण्यात ती नावापुरती असते, मधात भरपूर असते, आणि त्या सकाळी तेलसाहेबांच्या बाहेरच्या खोलीत ती इतकी साठली होती की कुणी नुसता श्वास सोडला तरी तो समोरच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागावा.

खोलीच्या मध्यभागी, खिडकीकडे तोंड करून, सलूनमध्ये असते तशी एक भक्कम लोखंडी खुर्ची उभी होती. खुर्चीवर तेलसाहेबांचे सासरे बसले होते. त्यांच्या एका गालाची दाढी झाली होती आणि दुसऱ्या गालावर साबण वाळत चालला होता. त्यांचे दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. खुर्ची वर गेली होती, आणि आता खाली येत नव्हती.

तेलसाहेब खुर्चीच्या बुडाशी गुडघे टेकून बसले होते. त्यांची पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हातातले फडके पिळत होती. फडके कोरडे होते, हे तिच्या ध्यानात आले नव्हते.

"जावईबापू," अखेर वरून आवाज आला, "ह्याला काय समजायचं? बढती?"

"दोनच मिनिटं, बाबा. तेल जरा थंड आहे."

"तेल थंड आहे आणि मी तापतोय. दोघांचं मिळून काही जमतंय का बघा."

"अहो," पत्नी दबक्या आवाजात म्हणाली, "धाकटा निघालाय. आत्ताच फोन आला होता."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. त्याने शुक्रवारी फोनवर एकच वाक्य उच्चारले होते आणि त्या वाक्याने घराची झोप उडाली होती. "ताई, बाबांना आपलं आपण उठता येत नसेल, तर मी रविवारी येऊन त्यांना घेऊन जातो. माझ्याकडं दिवसभराचा माणूस आहे, सगळं आहे." यात खोट काढण्यासारखे काही नव्हते, हीच पंचाईत होती. बाबांचे गुडघे थकले होते. सोफ्यावरून उठायला त्यांना दोघांचे हात लागत, आणि प्रत्येक वेळी उठून झाल्यावर ते त्या दोघांकडे चोर पकडल्यासारखे बघत. स्वतः त्यांना जायचे होते की राहायचे होते, हे त्यांनी कुणालाही सांगितले नव्हते. विचारले की ते खिडकीबाहेर बघत आणि समोरच्या गच्चीवरची टाकी भरून वाहते आहे, एवढेच सांगत.

बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. उभी हयात पंप, झडपा आणि एका अख्ख्या शहराची तहान यांच्याशी व्यवहार केल्यामुळे त्यांचे एक ठाम मत झाले होते: जगात द्रव एकच, तो म्हणजे पाणी, बाकीची सगळी त्याची बिघडलेली भावंडे. जावई नेमका वंगणाच्या कारखान्यातला. तेथील प्रयोगशाळेत काचेच्या बारीक नळीतून तेल उतरायला किती वेळ लागतो, हे मोजणे हे त्यांचे काम. "म्हणजे तेल पडताना तुम्ही बघत बसता," असा बाबांनी त्या कामाचा सारांश काढला होता. रोज संध्याकाळी चहा झाला की खटका उडे.

"मोटारीच्या ब्रेकमध्ये पाणी घालून बघा ना, बाबा."

"तहान लागली की तुम्ही ब्रेकचं तेल पिऊन बघा."

या संवादातून आजवर काहीही निष्पन्न झाले नव्हते. पण तेलसाहेबांनी एक गोष्ट मनाच्या तळाशी जपून ठेवली होती, आणि ती त्यांनी पत्नीलाही कधी सांगितली नव्हती. त्यांच्याशी तेलाबद्दल बोलणारा माणूस जगात हा एकच होता. कारखान्यात आकडे विचारत, घरात निरोप विचारत. तेलाचा निदान अपमान करावा, इतकी आस्था फक्त सासऱ्यांनाच होती. ते गेले असते तर संध्याकाळ उरली असती, पण तिच्यात बसायला कुणी उरले नसते.

म्हणून खुर्ची.

युक्ती निर्दोष होती. बंद पडलेल्या एका सलूनची खुर्ची विकाऊ होती. बुडाशी असलेला दांडा पायाने दाबला की आतला छोटा दट्ट्या तेलाला ढकलतो. तेल दाबून लहान होत नाही. मग ते आपला राग मोठ्या दट्ट्यावर काढते आणि माणूस खुर्चीसकट वर उचलला जातो. हवी ती उंची मिळाली की माणूस कुणाचा हात न धरता सरळ उभा राहतो. धाकट्याच्या वाक्यातला 'आपलं आपण' हा भाग एका झटक्यात निकालात निघणार होता.

शनिवारी खुर्ची इमारतीच्या दारात आली आणि सेक्रेटरी आडवे आले. हे गृहस्थ तेलसाहेबांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहत. इमारतीत शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे ते, ती वस्तू आपल्याच घरात शिरते आहे, अशा नजरेने बघत.

"ही घरगुती वस्तू आहे का?"

"घरातच ठेवणार आहे."

"म्हणजे घरात सलून काढणार."

"अहो, सासऱ्यांसाठी आहे!"

"सासरे सलून काढणार? या वयात?"

लिफ्ट फक्त घरगुती सामानासाठी आहे, असा नियम त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवला. कुटुंबाबाहेरील कोणाही व्यक्तीचे केस सदर खुर्चीवर कापले जाणार नाहीत, अशी लेखी हमी द्यावी, तीही दोन प्रतींत, असे त्यांचे म्हणणे पडले. तेलसाहेबांच्या स्वाभिमानाला हे झोंबले. त्यांनी हमी नाकारली आणि खुर्ची जिन्याने चढवायला घेतली. तिसऱ्या मजल्यापर्यंत तो स्वाभिमान प्रत्येक पायरीवर थोडा थोडा सांडत गेला. शेजारचे विमेवाले मदतीला धावले होते. वजनदार, प्रेमळ आणि सल्ला देण्यात सढळ असा हा माणूस, त्यांची मदत अशी की प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकवली की ते आधी तीत बसत आणि म्हणत, "साहेब, जरा वर घ्या बघू."

घरी आल्यावर कळले की खुर्ची चढते, पण टिकत नाही. बसल्या बसल्या हळूच खचते. आतले तेल जुने, पातळ, दमलेले होते आणि रबरी वायसरमधून पाझरत होते. येथे तेलसाहेबांच्या आयुष्यभराच्या विद्येला साद मिळाली. प्रयोगशाळेतून टाकून द्यायच्या नमुन्यांतला एक डबा त्यांनी मागे कधीतरी घरी आणून ठेवला होता. अवजड यंत्रांचे ते तेल इतके घट्ट, इतके खानदानी होते की डबा उलटा केला तरी ते बाहेर पडण्यापूर्वी विचार करत असे. त्याहून हलके तेल घरात होते, शिवणयंत्राला पुरणारे. पण सासऱ्यांच्या बुडाखाली पातळ तेल घालणे तेलसाहेबांना अप्रशस्त वाटले. माणूस भारदस्त, तेलही भारदस्त हवे. त्यांनी डबा शेगडीवर गरम केला, तेल ओतले, आणि संध्याकाळी बाबांना बसवून दाखवले. खुर्ची चढली. टिकली. मग दांडा उलटा उचलताच, परतीची झडप उघडून, बाबांना घेऊन ती अशा काही डौलाने खाली आली की पत्नीचे डोळे भरून आले.

"बरं आहे," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून तेलाला मिळालेली ही पहिली दाद होती. तेलसाहेबांना त्या रात्री गाढ झोप लागली.

तेल मात्र रात्रभर थंड होत गेले. तेल गारठले की घट्ट होते, हे शेंबड्या पोराला ठाऊक असते. तेलसाहेबांना तर त्याचाच पगार मिळत होता. एकच तेल दोन तापमानांना तपासून दोन आकडे लिहिणे, हे ते रोज करत. पण प्रयोगशाळेतले ज्ञान कारखान्याच्या फाटकाशी सोडून घरी यायची त्यांना सवय होती, आणि रविवारी सकाळी दाढीसाठी बाबांना वर घ्यायला दांडा दाबताना पायाला घाम फुटला तेव्हासुद्धा त्यांना वाटले, हा मालाचा दर्जा.

आता दांडा पूर्ण उलटा होता. झडप सताड उघडी होती. भोक मात्र बारीक होते, आणि तेलाला त्यातून जायचे नव्हते.

"उतरतेय," तेलसाहेब म्हणाले. त्यांनी खुर्चीच्या मधल्या खांबावर पेन्सिलीने रेघ मारली होती. "बघा, रेघ झाकत चाललीय."

"ऋतू बदलतात तशी," बाबा म्हणाले.

"बाबा, आम्ही तुम्हाला दोन्हीकडून धरून अलगद..."

"मला उचलायचं नाही." आवाज चढला नव्हता, पण खोलीतली हवा एकदम ताठ झाली. "मला उचलायची वेळ येईल तेव्हा चौघं येतील. तोवर कुणी हात लावायचा नाही."

उडी मारायचा प्रश्न नव्हता. गुडघ्यांना धक्का बसता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. खुर्चीचे पाय ठेवायचे फळकूट नडगीला लागते म्हणून पत्नीनेच आदल्या दिवशी काढून टाकले होते. स्टूल आणले, पण स्टुलावर तोल गेला तर, या विचाराने तिनेच ते परत नेले. वीतभर अंतर, पण ते पार करायला कोणताही सरळ मार्ग उरला नव्हता.

दार उघडेच होते, त्यामुळे विमेवाले आले. त्यांनी परिस्थितीला एक प्रदक्षिणा घातली.

"साहेब, सोप्पं आहे. वजन वाढवा. मी बसतो बाबांच्या मांडीवर."

"अगंबाई!" पत्नी किंचाळली.

वास्तविक सल्ला शास्त्रशुद्ध होता, आणि हेच तेलसाहेबांना खुपले. वजन वाढले की दाब वाढतो, दाब वाढला की तेल हलते. फक्त मांडी नको. मग बादल्या भरून आणल्या गेल्या. खुर्चीच्या दोन्ही हातांवर एकेक बादली लटकवण्यात आली. पाणी आल्याबरोबर बाबांचा चेहरा उजळला.

"ही एवढी बादली ना? पंधरा किलो. पाणी वजनाला खोटं बोलत नाही. तुमच्या तेलाचं सांगा बरं, न तोलता?"

"पाण्यापेक्षा हलकं असतं, बाबा. म्हणून तर वर तरंगतं."

"मीही तरंगतोय. तेवढ्यानं मी तेल झालो का?"

पेन्सिलीची रेघ झाकली गेली. सगळ्यांनी ती डोळ्यांत प्राण आणून बघितली. आणि नेमका त्याच क्षणी विमेवाल्यांनी कौतुकाने खुर्चीच्या डाव्या हातावर थाप मारली. बादलीची कडी सटकली. पंधरा किलो सत्य जमिनीवर पसरले.

पाणी धावत गेले. त्याला नाखुशी ठाऊक नसते. ते सोफ्याखाली गेले, कपाटाखाली गेले, आणि भिंतीच्या कडेला एक जुनी फट होती, तीतून अदृश्य झाले. कालचे पाझरलेले तेल खुर्चीच्या बुडाशी होते. ते पाण्यावर चढले आणि इतके पातळ पसरले की खोलीभर जांभळे, हिरवे, सोनेरी पट्टे उमटले. खिडकीतून ऊन आले. क्षणभर ती फरशी एखाद्या अवाढव्य पक्ष्याच्या पिसासारखी दिसली. तेलसाहेबांना वाटले, इतके सुंदर काही आपल्या घरात कधीच नव्हते. मग त्या सौंदर्यावरून विमेवाल्यांचा पाय घसरला. धडाम झाले तेव्हा भिंतीवरची तसबीर वाकडी झाली.

"हलू नका!" पत्नी ओरडली. "कुणीही हलू नका!"

बाबा सोडून बाकीच्यांना ही सूचना नवीन होती.

खालून पावले आली. सेक्रेटरी दारात उभे राहिले. त्यांच्या खांद्यावर पाण्याचा एक मोठा डाग होता, आणि त्या डागाला इंद्रधनुष्याची किनार होती.

"माझ्या छतातून तुमचं सलून गळतंय," ते म्हणाले.

सेक्रेटरींनी खुर्ची पाहिली, अर्धा साबण पाहिला, जमिनीवर बसलेले विमेवाले पाहिले. "हे तर कुटुंबाबाहेरचे आहेत," ते विजयी स्वरात म्हणाले. "आज पहिलंच गिऱ्हाईक वाटतं?"

"माझं कंबरडं मोडलंय हो!" विमेवाले विव्हळले.

"विमा असेलच."

तेलसाहेबांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: ऊब. तेलाला ऊब हवी होती. त्यांनी पत्नीचा केस वाळवायचा ड्रायर धावत आणला आणि ओल्या फरशीवर बसून त्याचा खटका शोधू लागले. पत्नीने शांतपणे मीटरपाशी जाऊन घराची वीज बंद केली. मग ती परत आली, त्यांच्या हातातून ड्रायर काढून घेतला, आणि तितक्याच शांतपणे म्हणाली, "बाबांना धाकट्याकडं जावं लागलं तर मी सहन करीन. तुमच्या जिवाचं काही झालं तर नाही. एवढं तरी कळतं का तुम्हाला?"

तेलसाहेब खाली बघत राहिले. त्या क्षणी त्यांना आपली सारी विद्या एका डब्यात भरून कुणाच्या तरी जिन्याखाली ठेवून यावीशी वाटली.

"पोरी," वरून आवाज आला, "गॅस चालू आहे ना? पाणी तापव. मोठ्या पातेल्यात. टॉवेल आण चार."

"बाबा..."

"थंडीत पंपाचा पाइप आखडला की आम्ही गरम पाण्याची फडकी गुंडाळायचो. ऊब वाहून न्यायला पाण्यासारखा हमाल नाही. बघू या, जावईबापूंचं तेल त्याचं ऐकतं का."

तेलसाहेबांनी वर बघितले. सासरे त्यांच्याकडे बघत नव्हते. पण बोलण्यात टोमणा नव्हता.

वाफाळती पातेली येऊ लागली. तेलसाहेब टॉवेल बुडवत, पिळत, खुर्चीच्या लोखंडी बुडाला गुंडाळत. बोटे भाजत होती. सेक्रेटरी सुरुवातीला निषेध म्हणून उभे होते, नंतर छत वाचवायचे म्हणून उकिडवे बसून फरशी पुसू लागले, आणि पुसता पुसता म्हणाले, "डावीकडं गार पडलाय तो टॉवेल. बदला." विमेवाले बसल्या जागेवरून उरलेली बादली धरून होते. नवी रेघ मारली, ती झाकली. दुसरी मारली, ती झाकली. खालून लिफ्टचे दार वाजले.

"आला," पत्नी म्हणाली.

आणि तेल हलले. हे असेच असते. घट्ट तेल तापत जाते तेव्हा बराच वेळ आपले म्हणणे सोडत नाही, मग एकाएकी सगळेच सोडते. खुर्ची सुरुवातीला सावकाश, मग भराभर खाली येऊ लागली. बाबांच्या पायांची बोटे फरशीला लागली. खुर्ची अशीच खचत राहिली असती तर बाबा थेट सोफ्याच्या पातळीला पोहोचले असते, म्हणजे पुन्हा दोघांचे हात, पुन्हा ती नजर.

"आता," बाबा म्हणाले, इतक्या हळू की ते फक्त खुर्चीच्या बुडाशी बसलेल्यालाच ऐकू जावे.

तेलसाहेबांनी दांडा सरळ केला. झडप मिटली. खुर्ची जागच्या जागी थांबली, आणि बाबांची दोन्ही पावले पुरती टेकली.

धाकटा दारात उभा होता. त्याने बूट काढायला एक पाय उचलला होता, तो तसाच राहिला. त्याच्या वडिलांच्या खुर्चीचे बूड वाफाळणाऱ्या टॉवेलांत गुंडाळलेले होते, तिच्या एका हाताला बादली होती, बादलीला एक अनोळखी जाडजूड माणूस बसल्या बसल्या लोंबकळत होता, आणि दुसरा एक अनोळखी माणूस रंगीबेरंगी पाण्यात रांगत होता.

"भाऊजी," तो म्हणाला, "हे काय चाललंय?"

तेलसाहेबांनी तोंड उघडले. द्रवांच्या दाबाचा नियम, तापमानाचा परिणाम, इमारतीचे नियम, सगळे जिभेवर एकदम आले आणि भोक बारीक असल्यामुळे काहीच बाहेर पडले नाही.

"ताई, मी फोनवर म्हणालो होतो," धाकटा म्हणाला. तो रागावला नव्हता. दुखावला होता, आणि ते जास्त अवघड होते. "मला वाटलं होतं, मी उगाच काळजी करतोय. बाबा, चला. टॅक्सी खाली उभी केलीय. तुमचे कपडे मागाहून नेता येतील. या, मी धरतो."

त्याने ओल्या फरशीवरून जपून दोन पावले टाकली आणि हात पुढे केला.

बाबांनी त्या हाताकडे बघितले. मग दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर टेकवले. बादली हिंदकळली. त्यांच्या मानेची शीर ताणली गेली, गुडघा कुठेतरी कडकन वाजला, पत्नी अर्धे पाऊल पुढे आली आणि थांबली. आणि बाबा उभे राहिले. कुणीही धरले नव्हते. एका गालावर साबण होता, तरी बऱ्याच महिन्यांत ते इतके उंच दिसले नव्हते.

"बाबा," धाकट्याचा हात अजून पुढेच होता, पण आवाज बदलला होता, "येताय ना माझ्याबरोबर?"

बाबांनी खुर्चीला टेकवलेली काठी घेतली.

तेलसाहेबांना राहवले नाही. गुडघ्यांवरूनच, ओल्या पँटीनिशी, भाजलेली बोटे पोटाशी धरून त्यांनी विचारले, "बाबा, उद्या पातळ तेल घालू का हिच्यात?"

सासऱ्यांनी मुलाकडे पाहिले, जावयाकडे पाहिले. मग फरशीवर उरलेला तेलाचा तवंग काठीच्या टोकाने जरासा बाजूला सारत, त्यातून वाट काढत, "घाला. पाण्याइतकं पातळ मिळतं का बघा," असे म्हणून ते आपल्या खोलीकडे चालू लागले.